आदर्श वाचन

सावरगावच्या शाळेत सकाळची प्रार्थना संपली की रेणुका कोरे गळ्यावरून एकदा बोट फिरवायची आणि मगच वर्गाशी बोलायला लागायची. पट्टी नीट चिकटली आहे ना, एवढंच बघायचं असायचं. बोटभर रुंद, कातडीच्या रंगाची ती पट्टी हनुवटीखाली गळ्याला बेमालूम बसलेली असे. रेणुका बोलायची म्हणजे तिचे ओठ हलायचे, जीभ हलायची, मानेचे स्नायू ताणले जायचे. घशातून मात्र आवाज असा काही निघायचा नाही. तो निघायचा पट्टीवरच्या बटणाएवढ्या जाळीतून. खणखणीत, स्वच्छ, शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरालाही जागं करणारा. तिसरी-चौथीच्या मुलांना तर पट्टी नसलेल्या बाई असतात हेच ठाऊक नव्हतं.

आता हे कौतुक आलं कुठून, ते सांगायला हवं. शिक्षकाचं पोट घशावर. पाच तास, चाळीस पोरं, वर पत्रे, बाहेर ट्रॅक्टर. या सगळ्याच्या वर ऐकू जायचं तर ओरडण्यावाचून गत्यंतर नाही. कुदळ मारून मारून शेतकऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसे ओरडून ओरडून शिक्षकांच्या स्वररज्जूंना घट्टे पडतात. स्वररज्जू म्हणजे श्वासनळीच्या तोंडाशी आडव्या बसलेल्या दोन मऊ घड्या, जेमतेम नखाएवढ्या लांब. खालून श्वास आला की त्या एकमेकींवर थडथडतात, आणि आवाजाची सुरुवात तिथं होते. घट्टे पडले की त्या नीट मिटत नाहीत, आवाज फाटतो, घसा बसतो आणि गुरुजी महिनाभर हातवारे करून शाळा चालवतात. रेणुकाचंही तेच झालं होतं. तिसऱ्यांदा आवाज गेला तेव्हा तिची मुलगी अन्वी चौदा महिन्यांची होती. त्याच वर्षी ‘कंठरक्षा’ योजना आली.

योजना चांगली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणालाही दोष कुणाच्या तरी माथी मारायची घाई होईल. माणूस बोलायला तोंड हलवतो तेव्हा मेंदूकडून गळ्याच्या आणि जिभेच्या स्नायूंना बारीक विद्युतसंदेश जातात. पट्टी ते टिपते, त्यावरून शब्द ओळखते आणि त्याच माणसाच्या आवाजात ते बोलून दाखवते. स्वररज्जूंना काम उरत नाही. विश्रांती मिळते, घट्टे विरतात. सवय लागावी म्हणून पहिल्या सहा महिन्यांपुरती पट्टीत एक खोड ठेवलेली होती. चुकून खरा आवाज निघाला की ती टुचकन टोचायची. हसतानासुद्धा. त्यामुळे सगळे शिक्षक आवाज न करता हसायला शिकले. तालुक्याच्या बैठकीत कुणी विनोद केला की सभागृहभर माणसं नुसती खांदे हलवत बसायची. बाहेरच्या शिपायाला वाटायचं, आत शोकसभा चाललीय.

‘त्याच माणसाच्या आवाजात’ असं जे वर म्हटलं ना, घोळ झाला तो तिथं.

प्रत्येकाच्या आवाजाचा ठसा आधी घ्यावा लागायचा. त्यासाठी तालुक्याला शिबिर भरलं. काचेची खोली, समोर माइक, आणि प्रत्येकानं दीड तास बोलायचं. यंत्रावर बसलेली कंपनीची बाई सगळ्यांना एकच सांगत होती, “काहीही बोला मॅडम. घरी बोलता तसं. भाजी काय केली, मुलगी काय करते, शेजारीण कशी आहे.” पण काचेबाहेर केंद्रप्रमुख हजेरीपट घेऊन बसलेले. समोर माइक आणि बाहेर साहेब म्हटल्यावर शिक्षकाचा कणा आपोआप ताठ होतो. रेणुकानं पदर सारखा केला, पिशवीतून चौथीचं मराठीचं पुस्तक काढलं आणि आदर्श वाचन सुरू केलं.

धडा शिकवायच्या आधी बाई तो एकदा स्वतः वाचून दाखवतात, ते आदर्श वाचन. स्वच्छ उच्चार, स्वल्पविरामाला अर्धा श्वास, प्रश्नचिन्हाला आवाज वर, पूर्णविरामाला खाली.

“मॅडम, वाचू नका. बोला.”

“मी अशीच बोलते,” रेणुका म्हणाली.

“थोडं लाडानं बोलून बघा. मुलीशी बोलता तसं.”

रेणुकानं काचेबाहेर पाहिलं. केंद्रप्रमुख पेन टेकवून बघत होते. “लाडानं कसं बोलणार? शाळेचं काम आहे हे,” ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

तिचं एकटीचंच असं झालं म्हणावं, तर तसंही नाही. तालुक्यातल्या तीनशे बारा शिक्षकांपैकी बहुतेकांनी पुस्तकच वाचलं. कवायतीचे एक सर दीड तास ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ करत बसले. त्यांच्या बायकोचा विचार मनात आणवत नाही.

घरी पहिले काही दिवस मजेत गेले. रेणुकाचा नवरा बसवराज याचं नाक्यावर पाण्याच्या मोटारींची जळालेली कॉइल नव्यानं गुंडाळून द्यायचं, रिवायंडिंगचं दुकान होतं, आणि जिभेला हाड नव्हतं. रेणुका विचारायची, “अहो, आमटीत मीठ कमी पडलं आहे का?” ते वाक्य धड्याखालच्या प्रश्नासारखं स्वयंपाकघरात घुमायचं. मग बसवराज बोट वर करायचा. “बाई, मी सांगू?” रेणुकाचे खांदे हलायचे. नव्याचे नऊ दिवस संपले, तसा बसवराज थट्टा करायचा थांबला. नंतर नंतर तो तिला घरातही थोडं मोजूनमापून उत्तरं द्यायला लागला. भांडणसुद्धा होईना. कितीही चिडली तरी तिचा आवाज समजावून सांगितल्यासारखाच यायचा, आणि समजावून सांगणाऱ्याशी भांडणार कसं?

घरी आल्यावर पट्टी काढून ठेवता आली असती. रेणुकानं चार-दोनदा काढलीही. पण स्वतःच्या घशातून बोलायला जोर लागायचा, आणि पट्टीवर नुसते ओठ हलवले की झालं. दिवसभर राबून आलेलं माणूस सोपं तेच करतं.

आणि अन्वी त्या आवाजात वाढली. तिला झोपवलं त्या आवाजानं, भरवलं त्या आवाजानं, पहिलीला बसवलं तेही त्याच आवाजानं, कारण गावात शाळा एकच आणि पहिलीच्या वर्गाला बाईही रेणुकाच. शाळेत तर सगळी पोरं ‘बाई’ म्हणत. अन्वी घरीही ‘बाई’च म्हणायला लागली. “बाई, मला भूक लागली आहे.” ती बोलायचीही अशी पुस्तकासारखी, ‘आहे’ न गाळता. पोरं तिला ‘स्वाध्याय’ म्हणून चिडवत. हसायची तीही खांदे हलवून, आवाज न करता. रेणुकाला तेव्हा याचा अभिमान वाटायचा. बाई स्वतःच्या पोरीला वेगळं वागवतात असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. ‘काय शिस्त लावलीय पोरीला,’ असं बायका नळावर म्हणायच्या. आता ते शब्द आठवले की तिला वाटतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

कारण आता अन्वी अकरा वर्षांची होती, आणि फेब्रुवारीत तिची निवासी शाळेसाठी निवड झाली. सहावीपासून तिथंच राहायचं. चार तासांचा प्रवास, महिन्यातून एकदा भेट. घरात पेढे आले, शाळेत सत्कार झाला. त्याच आठवड्यात बसवराज जुन्या फोनमधलं सगळं नव्या फोनवर उतरवत बसला होता, आणि त्याच्या हाताला एक जुना बोलका निरोप लागला. त्यानं तो सहज लावला.

“अहो, येताना हळू या. फाटक वाजवू नका. आत्ताच डोळा लागलाय तिचा... नाक बघा ना कसं फुगवतीय, तुमच्यावरच गेलंय मेलं.” आणि मग पुढं एक दाबलेलं, घोगरं हसू.

अन्वी पाटी-दप्तर टाकून उठून आली. “पप्पा, ही कोण आहे?”

“कोण म्हणजे? तुझी आई.”

अन्वीनं जमिनीवर बसून मेथी निवडणाऱ्या रेणुकाकडे पाहिलं. मग फोनकडे. “कोणाचं नाक?”

“तुझं गं. आठ महिन्यांची होतीस.”

त्या संध्याकाळी अन्वीनं तो निरोप कितीदा ऐकला ते बसवराजनं मोजायचंही सोडून दिलं. शेवटी ती रेणुकासमोर येऊन उभी राहिली. “बाई, तुम्ही आता अशा का बोलत नाही?”

रेणुकाच्या मनात आलं ते काही निराळंच होतं. तिला म्हणायचं होतं, अगं बाळा, मलाच विसर पडला. तिनं ओठ हलवले. पट्टी मध्येच अडखळलेल्या संदेशांतून वाक्य जुळवून स्पष्ट म्हणाली, “मला विसर पडला, बाळा.” स्वल्पविरामासकट. अन्वी “बरं” म्हणाली आणि गृहपाठाला बसली.

जूनला चार महिने होते. पोरगी घराबाहेर पडायच्या आधी एकदा तरी तिच्याशी आपल्या आवाजात बोलायचं, हे रेणुकानं त्या दिवशी मेथीच्या काड्या गोळा करता करता ठरवलं. दुसरं काही नको होतं तिला.

लातूरच्या घशाच्या डॉक्टर नाझनीन देशमुख यांनी नाकातून केसाएवढा बारीक कॅमेरा आत सोडला आणि समोरच्या पडद्यावर रेणुकाला तिचा स्वतःचा गळा दाखवला. गुलाबी बोगदा, आणि त्याच्या तळाशी दोन पांढुरक्या घड्या.

“आता पट्टी काढून ‘ई’ म्हणा.”

रेणुकानं ‘ई’ म्हणायचा प्रयत्न केला. नुसती हवा गेली.

“निरोगी बाईच्या स्वररज्जू सेकंदाला दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून मी जवळजवळ त्याच तालात दिवा लुकलुकवते, म्हणजे त्या हळूहळू हलताना दिसतात. या बघा तुमच्या.” डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “मध्ये फट राहतेय. घट्टे गेलेत, पण घड्याच बारीक झाल्यात. प्लॅस्टरमधून काढलेला हात बघितलाय ना? तशा. गिळताना आणि खोकताना मिटतात तेवढ्याच. बोलायला कुणी वापरलेल्याच नाहीत.”

रेणुकानं पट्टी लावली. “पट्टीचा दोष आहे का?”

“पट्टी वर्गापुरती होती. घरी काढून ठेवा, रोज तासभर स्वतःच्या आवाजात बोला, असं पुस्तिकेत सहाव्या पानावर लिहिलंय.”

“पुस्तिका कोण वाचतं?”

“तुम्ही शिक्षक आहात की.”

“म्हणूनच,” रेणुका म्हणाली. “आम्ही दुसऱ्याला वाचून दाखवतो.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “त्या योजनेच्या कागदावर तज्ज्ञ म्हणून माझी सही आहे. घट्टे जातात का, एवढंच तपासलं आम्ही. माणसं घरी कशी बोलतात हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आता वर्षाला तुमच्यासारखे शंभर-दीडशे येतात, आणि प्रत्येकाला ही फट दाखवताना मला माझी सही दिसते.”

रेणुकानं फोनवरचा निरोप त्यांना ऐकवला. डॉक्टरांनी तो डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, “सोपा रस्ता हवा असेल तर आहे. आजकाल एवढ्याशा नमुन्यावरूनही ठसा काढता येतो. कंपनीकडे पाठवलंत तर पट्टी उद्यापासून याच आवाजात बोलेल.”

मोह झाला रेणुकाला, खोटं कशाला बोला. मग तिनं मान हलवली. “यात मी झोपलेल्या पोरीजवळ बोलतेय. हाच ठसा घेतला तर मी रागावेन तेही कुजबुजत, आणि बाजारात वांगी मागेन तीही कुजबुजत. दहा वर्षं वाचन केलं. आता उरलेली कुजबुज करू?”

“बरोबर आहे तुमचं,” डॉक्टर म्हणाल्या. “या दोन घड्या नुसती गुणगुण करतात. त्या गुणगुणीचा तुमचा आवाज होतो तो वर, घसा, टाळू, जीभ, नाक या पोकळ्यांत. पण मन हललं की आधी घड्या हलतात. भीती वाटली की ताणतात, दमलात की सैल पडतात. रडू आलं की उघड्या राहायला बघतात, म्हणून गिळताना आवंढा अडकतो. एकाच ठशात हे बसत नाही.”

“मग माझा किती परत येईल?”

“काहीतरी येईल. जुना येणार नाही. त्याची वाट बघू नका.”

मग व्यायाम सुरू झाला. पेलाभर पाण्यात नळी बुडवायची आणि नळीतून ‘ऊ’ असा आवाज काढत बुडबुडे सोडायचे. पाण्याचा उलटा दाब स्वररज्जूंना हलकेच जवळ आणतो आणि त्यांना न दुखावता कामाला लावतो. दहा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. पहिले तीन आठवडे नुसते बुडबुडे. बसवराज दुकानातून आला की विचारायचा, “कॉइल तापली का?” आणि रेणुका हातानंच ‘नाही’ म्हणायची. चौथ्या आठवड्यात एका दुपारी बुडबुड्यांच्या आत काहीतरी घरघरलं. अगदी बारीक. बसवराज जेवता जेवता थांबला, घास तसाच हातात ठेवून. “धर, धर, सोडू नको,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

एप्रिलच्या शेवटी रेणुकाला एका श्वासात चार शब्द बोलता यायला लागले. आवाज जाडसर, फाटका, मध्ये मध्ये हवा सुटणारा. निरोपातल्या बाईचा तर नव्हताच. पण तिचा होता. एका संध्याकाळी तिनं पट्टी काढून ताकात रवी घातली, आणि बाहेर अंगणात दोरीवर उड्या मारणाऱ्या अन्वीला हाक मारली.

“अन्वे, ये जेवायला.”

दोरी थांबली. अन्वी दारात आली आणि तिथंच थबकली. रेणुकानं हसून पुन्हा तोंड उघडलं. “बस, भाकरी...” आणि आवाज मध्येच तुटून नुसता श्वास आला.

अन्वी एक पाऊल मागं सरली. “बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का?”

“बरंय गं. हा माझा...”

“बाई, पट्टी लावा ना.” तिच्या चेहऱ्यावर भीती होती, सरळ भीती. ओळखीच्या घरात परकं माणूस शिरावं तशी. “लावा ना.”

रेणुकानं पट्टी लावली. पट्टी म्हणाली, “हात धुऊन ये. भाकरी गरम आहे.” अन्वीचा जीव भांड्यात पडला, ती हात धुऊन आली आणि मुकाट जेवली. रेणुका ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसली. इतकी वर्षं पोरीला आपण आई दिलीच नाही, आणि आता द्यायला गेलो तर तिलाच ती नको झाली आहे, असं तिला वाटलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तरी तिनं व्यायाम सोडला नाही. फक्त जागा बदलली. संध्याकाळी स्वयंपाकघराचं मागचं दार ओढून घ्यायची आणि परसात धुण्याच्या दगडावर बसून बोलायची. कुणाशी? कुणाशीच नाही. बादलीशी, वाळत घातलेल्या कपड्यांशी. नळीचा कंटाळा आला की मनाला येईल ते बोलायची, चार शब्द, श्वास, पुन्हा चार शब्द. आठवडाभरानं बसवराज तिला हळूच म्हणाला, “तुला सांगू का? दाराआड बसती ती. रोज.”

“कोण?”

“कोण म्हणजे? कान लावून बसती. मी आलो की उठून पळती.”

रेणुकानं दार उघडलं नाही. उघडलं की पोरगी ‘बाई’ म्हणेल आणि पट्टी मागेल, ही धास्ती. पण त्या दिवसापासून तिनं बादलीशी बोलणं बंद केलं आणि दाराकडे तोंड करून बसायला लागली. अन्वीचा जन्म झाला त्या दिवशी दवाखान्यात वीज कशी गेली होती. पहिला दात आल्यावर तिनं पप्पांचा अंगठा कसा फोडला. पाळण्यात ठेवलं की रडायची आणि बसवराजच्या दुकानातल्या मोटारीच्या घरघरीत मात्र ठार झोपायची. “मग काय करणार? नेऊन ठेवायचो मोटारीजवळ. गिऱ्हाईक विचारायचं, ही पण दुरुस्तीला आलीय का?” दारापलीकडून एक बारीक चिवचिवाट झाला. हसण्याचा. खांद्यांचा नव्हे, गळ्यातला. रेणुकानं तोंडावर पदर धरला. त्या क्षणी तिला जेवढा आनंद झाला तेवढाच पश्चात्तापही झाला. एवढं सोपं होतं, आणि आपण दहा वर्षं पोरीला धडे वाचून दाखवले.

दिवसा मात्र सगळं पूर्वीसारखं चालायचं. पट्टी, बाई, भाकरी गरम आहे. दाराच्या अलीकडचं दारापलीकडे कुणी नेलं नाही. रेणुकाला वाटायचं, उद्या उघडू. घाई केली तर पुन्हा भिईल. उद्या करता करता जून आला.

निवासी शाळेचं आवार मोठं होतं. पालकांची रांग एका टेबलाशी संपत होती, आणि टेबलामागे अधीक्षिका बसल्या होत्या. साठीच्या, थकलेल्या, पण प्रत्येकाशी नीट बोलणाऱ्या.

“दर रविवारी पाच मिनिटं फोन,” त्या म्हणाल्या. “आज इथं आवाज नोंदवायचा. रविवारी फोनवरचा आवाज नोंदीशी जुळला तरच यंत्र मुलीला जोडून देतं, आणि मध्येच नोंद नसलेला आवाज आला तर फोन तोडतं. मागं एकदा कुणी भलताच मामा म्हणून बोलत होता, तेव्हापासून ही पद्धत. आधी वडील या.”

बसवराजनं नाव सांगितलं. हिरवा दिवा लागला. अन्वी ट्रंकेवर बसून बघत होती. रेणुकानं पट्टी काढून मुठीत धरली, श्वास भरून घेतला आणि माइकसमोर वाकली.

“मी रेणुका कोरे. अन्वीची...” आवाज फाटला. लाल दिवा. ‘आवाज स्थिर नाही, पुन्हा बोला.’

तिनं पुन्हा सांगितलं. लाल. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत नीट आलं, पण आधीच्याहून निराळं आलं. लाल. मागं उभे असलेले पालक चुळबुळ करायला लागले.

“ताई, घसा बसलाय का?” अधीक्षिका म्हणाल्या. “हातात पट्टी दिसतेय. आमच्याही शिक्षिका वापरतात. ती लावून नोंदवा. हा आवाज आज असा आणि पुढच्या महिन्यात तसा असला तर यंत्र ओळखणार नाही, आणि रविवारी लेकरू फोनपाशी ताटकळेल.”

“दोन नोंदवता नाही का येणार?” रेणुकानं फाटक्या आवाजात विचारलं. “एक हा, एक तो.”

“एका माणसाचे दोन आवाज कसे चालतील? यंत्रात जागा एकाच आवाजाची आहे.”

रेणुकानं बसवराजकडे पाहिलं. हा आवाज दर महिन्याला बदलत जाणार, सुधारत जाणार, आणि सुधारला म्हणूनच यंत्राला तो परका वाटणार. लेकीकडे फोन वाजणारच नाही, यापेक्षा बाईंचा तरी वाजलेला बरा. तिनं पट्टी गळ्यावर दाबून बसवली.

“मी, रेणुका बसवराज कोरे, अन्वी कोरे हिची आई आहे.”

पहिल्याच फटक्याला हिरवा दिवा लागला. “अगदी स्पष्ट आला बघा,” अधीक्षिका म्हणाल्या आणि पुढच्या पालकांना हाक मारली.

अन्वी ट्रंकेवरून उतरली होती. तिनं आधी हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग आईच्या गळ्याकडे. मग तिनं रेणुकाचा हात धरून तिला खाली वाकवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“मग परसातली आई?” तिनं विचारलं. “तिचा फोन कधी येणार?”